कबड्डी संघासाठी बचावपटूंची निवड आणि शिस्तीचे मोजमाप

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

कबड्डीच्या संघासाठी चढाईपटूची परीक्षा घेणे तुलनेने सोपे असते. त्याने किती चढाया केल्या, किती गडी बाद केले आणि कितीदा तो स्वतः पकडला गेला, ह्या तीन आकड्यांवरून त्याच्या योग्यतेचा बराचसा अंदाज बांधता येतो. बचावपटूच्या बाबतीत असे घडत नाही. त्याच्या कामाचा मोठा भाग न केलेल्या कृतींचा असतो. चढाईपटू आमिष दाखवीत असता जो हलला नाही, साथीदाराने हात पुढे केला तरी ज्याने आपली जागा सोडली नाही, पंचाचा निर्णय विरुद्ध गेला असता जो निमूटपणे मैदानाबाहेर जाऊन बसला, त्याच्या ह्या गुणांची नोंद गुणलेखकाच्या वहीत कोठेही होत नाही. उलट त्याने केलेली एखादी जबर पकड सर्व प्रेक्षकांच्या आणि निवड करणाऱ्यांच्याही ध्यानात राहते. म्हणून बचावपटूंची निवड करताना ‘शिस्त’ ह्या गुणाला किती वजन द्यावे व ते कसे ठरवावे, हा प्रश्न प्रत्येक संघापुढे उभा राहतो.

ह्या प्रश्नाची उत्तरे बहुधा दोन टोकांची मिळतात. एका मताप्रमाणे बचावपटू हा आक्रमकच असला पाहिजे. ज्याला कधी पिवळे कार्ड मिळाले नाही तो बचावपटू मनाने भित्रा समजावा. दुसऱ्या मताप्रमाणे ज्याचे नाव एकदा भांडणात आले त्याला संघाच्या दारातही उभे करू नये. दोन्ही मतांत एकच उणीव आहे. ती शिस्तीकडे स्वभावाचा अविभाज्य गुण म्हणून पाहतात. वस्तुतः खेळातील बेशिस्त ही एकच गोष्ट नसून तिचे अनेक प्रकार आहेत. त्यांची कारणे निराळी, त्यांची संघाला पडणारी किंमत निराळी आणि त्यांवरील उपायही निराळे. हे प्रकार वेगळे केले म्हणजे शिस्तीचे मोजमाप पुष्कळ अंशी शक्य होते, आणि त्यातून हाती येणारे उत्तर रूढ समजुतीहून बरेच भिन्न असते.

२. परिसर व भरतीची रीत

मध्य रेल्वेने कल्याण ओलांडल्यानंतर लागणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे ठाणे जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात मोडतात. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावण्यांच्या जागी सिंधी निर्वासितांची जी वसाहत झाली, तिला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याच परिसरात शहाड येथे सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला. अंबरनाथला एके काळी विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना प्रसिद्ध होता; स्वातंत्र्योत्तर काळात तेथे संरक्षण खात्याचे आयुध निर्माणी व यंत्र निर्माणी हे कारखाने आले. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने शासकीय मालकीच्या नव्या कंपन्यांकडे वर्ग झाले. पुढे आनंदनगर व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींची भर पडली. ह्या साऱ्या विस्ताराच्या अधेमधे आणि भोवती जुनी गावठाणे आहेत. त्यांतील आगरी व इतर शेतकरी समाजांत कबड्डीची परंपरा खोलवर रुजलेली आहे. भातकापणी उरकली म्हणजे खळ्यांवर आणि मोकळ्या शेतांत मैदाने आखली जातात, आणि गावोगावच्या मंडळांचे सामने विजेच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत चालतात.

ह्या भागातील होतकरू खेळाडूच्या दृष्टीने कबड्डी हा केवळ छंद नाही. महाराष्ट्रात बँका, तेल कंपन्या, रेल्वे, पोलीस दल, बंदर व खाजगी कारखाने यांच्या संघांनी दीर्घकाळ कबड्डीपटूंना नोकऱ्या दिल्या. भारत पेट्रोलियम, महिंद्र, एअर इंडिया, मध्य रेल्वे, महाराष्ट्र पोलीस ही नावे कबड्डीच्या प्रेक्षकाला खेळाडूंच्या नावांइतकीच परिचित आहेत. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के पदे राखून ठेवण्याचे धोरणही २००५ पासून आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यानंतर लिलावाची रीत आली आणि बचावपटूचेही मोल रुपयांत दिसू लागले. २०१८ च्या लिलावात इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याला यू मुंबा संघाने १ कोटी रुपये देऊन घेतले. चढाईपटूभोवती फिरणाऱ्या ह्या खेळात ती घटना लक्षणीय ठरली.

परंतु लिलावातील भरती आणि नोकरीतील भरती यांत मूलभूत भेद आहे. लिलावात संघ खेळाडूला ठराविक हंगामापुरता घेतो. निवड चुकली तर पुढील हंगामी त्याला मोकळे करता येते. नोकरी देऊन घेतलेला खेळाडू मात्र दहाबारा वर्षे खेळतो आणि त्यानंतर वीसपंचवीस वर्षे त्याच आस्थापनेत कामगार किंवा कर्मचारी म्हणून राहतो. त्याच्या वर्तनाचा हिशेब त्यामुळे मैदानापुरता राहत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, एका भांडणाच्या ऐकीव गोष्टीवरून ज्या मुलाला नाकारले जाते त्याची केवळ एक स्पर्धा हुकत नाही, तर कायमच्या नोकरीची संधी हुकते. शिस्तीचे मोजमाप काळजीपूर्वक व न्यायाने का व्हावे, ह्याचे कारण येथे आहे.

३. बेशिस्तीचे चार प्रकार

बचावपटूच्या वर्तनातील दोषांचे सोयीसाठी चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग उतावीळपणाचा. चढाईपटू आवाक्यात येण्याआधीच त्याच्यावर झेपावणे, साखळीतील साथीदाराची वाट न पाहता एकट्याने घोट्याला हात घालणे, आमिषाला भुलून जागा सोडणे, हे सर्व ह्यात येते. ह्यात कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. म्हणून सामान्यतः याला बेशिस्त म्हटले जात नाही. तथापि संघाने ठरविलेल्या व्यूहाचा तो भंगच असतो.

दुसरा वर्ग सीमांविषयीच्या अनवधानाचा. अंतिम रेषेबाहेर पाय जाणे, झटापट सुरू होण्यापूर्वीच बाजूच्या राखीव क्षेत्रात उतरणे, हे त्याचे नेहमीचे नमुने. २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात ह्या वर्गातील दोषाचे महत्त्व सर्व जगाला दिसले. भारत व इराण यांचे २८-२८ असे समान गुण झाले असता भारताचा पवन सेहरावत चढाई करताना राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला अडविण्यासाठी इराणचे बचावपटू त्याच्यामागे त्याच क्षेत्रात उतरले. कोणाला बाद धरावे व कोणता नियम लावावा यावरून खेळ तासाहून अधिक काळ खोळंबला. शेवटी भारताने तो सामना ३३-२९ असा जिंकला. नियमाच्या अर्थाविषयीचा तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. सामन्याच्या अखेरच्या क्षणी बचावपटूचे पाय कोठे आहेत ह्यावर सुवर्णपदकाचा निर्णय अवलंबून राहू शकतो.

तिसरा वर्ग धसमुसळेपणाचा व हिंसेचा. नियमाप्रमाणे चढाईपटूला हात, पाय किंवा धड ह्यांनीच पकडता येते. केस किंवा कपडे धरणे, तोंड दाबून दम तोडण्याचा प्रयत्न करणे, पायांची कात्री घालणे, इजा होईल अशी पकड करणे हे सर्व निषिद्ध आहे. ह्या दोषाची झळ प्रथम प्रतिस्पर्ध्याला पोहोचते. रविवारी ज्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात तो सोमवारी पहिल्या पाळीला कामावर जाऊ शकत नाही. रोजंदारीवर काम करणाऱ्या चढाईपटूच्या बाबतीत ती त्याच्या घरखर्चाचीच दुखापत असते.

चौथा वर्ग वाक्ताडनाचा व अवज्ञेचा. सरपंच व पंच यांच्याशी हुज्जत, प्रतिस्पर्ध्याला डिवचणे, संघनायकाची आज्ञा न मानणे, सरावाला न येणे आणि गटाच्या वजनमर्यादेबाबत हयगय करणे हे दोष येथे समाविष्ट होतात.

शेवटच्या दोन वर्गांसाठी पंचांच्या हाती कार्डे असतात. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटांचे निलंबन आणि लाल म्हणजे उर्वरित सामन्यातून हकालपट्टी. निलंबित खेळाडूच्या जागी राखीव खेळाडू उतरविता येत नाही. पहिल्या दोन वर्गांतील दोषांना असे कोणतेही रंगीत चिन्ह नाही. आणि निवड करणाऱ्यांचा घोटाळा नेमका येथेच होतो. त्यांना कार्डे दिसतात, पण उतावीळपणा दिसत नाही.

४. दोषाची किंमत

कोणत्या दोषाची संघाला किती किंमत पडते हे पाहण्यासाठी परदेशातील एका खेळाची तुलना उपयोगी पडेल. इंग्लंड व ऑस्ट्रेलियात लोकप्रिय असलेल्या रग्बी लीग ह्या खेळात प्रत्येक बाजूस तेरा खेळाडू असतात. त्यांपैकी आघाडीचे सहाजण समोरून अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना अडवून खाली पाडण्याचे अवजड काम करतात. कामाच्या स्वरूपाने ते कबड्डीतील बचावपटूंचे नातलगच होत, आणि तेथील संघांनाही त्यांच्या निवडीत हाच पेच पडतो. त्या खेळात शिक्षा झालेल्या खेळाडूला ८० मिनिटांच्या सामन्यात १० मिनिटे बाहेर बसविले जाते. म्हणजे सामन्याच्या अष्टमांश काळापुरता संघाचा तेरावा हिस्सा कमी होतो.

कबड्डीत सामना ४० मिनिटांचा, निलंबन २ मिनिटांचे आणि खेळाडू सात. विसाव्या हिश्शाइतक्या काळापुरता संघाचा सातवा हिस्सा कमी होतो. दोहोंचा गुणाकार केल्यास रग्बी लीगमध्ये तो सुमारे १०४ वा भाग व कबड्डीत १४० वा भाग येतो. वरवर पाहता कबड्डीतील शिक्षा सौम्य ठरते. पण हे गणित सातही गडी मैदानात आहेत असे गृहीत धरून केलेले आहे. तीन गडी आधीच बाद असतील तर मैदानात चारच उरतात. त्यांतील एक निलंबित होणे म्हणजे संघाचा चौथा हिस्सा गमावणे होय. चढाईची मर्यादा ३० सेकंदांची असल्याने दोन मिनिटांत निदान चार चढाया होतात आणि त्यांतील दोन प्रतिस्पर्ध्याच्या असतात. उरलेल्या तिघांवर तेवढ्या अवकाशात लोण चढू शकतो, आणि लोणाचे दोन जादा गुण प्रतिस्पर्ध्याच्या पदरी पडतात. तात्पर्य, पिवळ्या कार्डाची किंमत ते केव्हा मिळाले यावर अवलंबून असते. सामन्याच्या प्रारंभी पूर्ण संघ उभा असताना मिळालेले कार्ड आणि अखेरच्या पाच मिनिटांत मिळालेले कार्ड यांची एकाच रकान्यात नोंद करणे चुकीचे होय.

आता उतावीळ पकडीकडे पाहू जाता निराळे चित्र दिसते. पकड फसली की चढाईपटूला गुण मिळतो व बचावपटू बाद होतो. साखळीतील अन्य गडी त्या झटापटीत ओढले गेले आणि चढाईपटू मध्यरेषेला पोहोचला, तर तेही बाद होतात. एकाच्या घाईने तिघे मैदानाबाहेर जाणे ही कबड्डीत नित्याची गोष्ट आहे. शिवाय निलंबित खेळाडू दोन मिनिटांनी आपोआप परत येतो. बाद झालेला खेळाडू मात्र त्याच्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केल्याखेरीज परत येत नाही, आणि तेही बाद झाल्याच्या क्रमानेच. बोनस रेषा ओलांडून मिळविलेल्या गुणाने कोणी जिवंत होत नाही.

ह्या संदर्भात खेळाच्या जुन्या प्रकारांचे स्मरण उद्बोधक ठरते. महाराष्ट्रात हुतूतू ह्या नावाने खेळल्या जाणाऱ्या ह्या खेळाचे संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार रूढ होते. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही व प्रतिस्पर्ध्याला केवळ गुण मिळे. तेथे उतावीळपणा स्वस्त होता. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईतो परत येत नसे. तेथे तोच दोष अत्यंत महाग होता. आजची कबड्डी संजीवनी प्रकारावर उभी आहे. तीत चुकीची किंमत संघाच्या चढाईपटूंच्या सामर्थ्यावर ठरते. ज्या संघाचे चढाईपटू प्रबळ, तो आपले बाद गडी लवकर उठवितो, आणि त्याला थोडा साहसी कोपरारक्षक परवडतो. ज्या संघाची चढाई दुबळी, त्याला तोच कोपरारक्षक परवडत नाही. म्हणून एकाच खेळाडूची शिस्त एका संघाला पुरेशी आणि दुसऱ्याला अपुरी असू शकते. ती निरपेक्ष मोजता येत नाही.

५. नोंदीची पद्धत

वरील विवेचन स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘अ’ आणि ‘ब’ ह्या दोन कोपरारक्षकांनी प्रत्येकी दहा सामन्यांत ३० यशस्वी पकडी केल्या. ‘अ’ ने त्यासाठी ५० प्रयत्न केले व त्याला दोन पिवळी कार्डे मिळाली. ‘ब’ ने ७० प्रयत्न केले व त्याला एकही कार्ड मिळाले नाही. केवळ कार्डे पाहणारी समिती ‘ब’ ला निवडील. परंतु ‘अ’ च्या फसलेल्या पकडी २० आहेत व ‘ब’ च्या ४०. म्हणजे कार्डविरहित ‘ब’ ने प्रतिस्पर्ध्यांना निदान २० गुण अधिक दिले आणि वीस वेळा अधिक स्वतः बाहेर गेला. ‘अ’ च्या दोन कार्डांमुळे संघाने सारी मिळून चार मिनिटे एक गडी कमी घेऊन खेळ केला. ती कार्डे हिंसेबद्दल असतील तर प्रश्न गंभीर आहे. पण पंचाशी एकदोनदा केलेल्या हुज्जतीबद्दल असतील तर ‘अ’ चा दोष सुधारण्यास सोपा आणि कमी खर्चाचा आहे.

प्रत्येक फसलेली पकड उतावीळपणाची नसते, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. चढाईपटू स्वतः अंगावर येतो तेव्हा, किंवा मैदानात दोनच गडी उरले असता, पकड करण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून नोंद करणाऱ्याने प्रत्येक फसलेल्या पकडीपुढे एक खूण करावी: पकड ‘अनिवार्य’ होती की ‘अनावश्यक’. त्याच वेळी मैदानात किती गडी होते व सामन्याचे कितवे मिनिट होते हे लिहावे. एवढ्या चार रकान्यांची वही कोणत्याही मंडळाच्या गुणलेखकाला ठेवता येईल. त्यासाठी यंत्राची किंवा खर्चाची आवश्यकता नाही.

ह्याच वहीत पाचवा रकाना असावा तो चुकीनंतरच्या वर्तनाचा. बचावपटू बाद होऊन परत आला की त्याने केलेली पहिली कृती पुष्कळ सांगून जाते. काहीजण अपमानाची भरपाई करण्यासाठी लगेच पुढच्या चढाईपटूवर तुटून पडतात आणि पुन्हा बाद होतात. काहीजण दोन चढाया जाऊ देतात व मग आपली पकड साधतात. हा फरक एका सामन्यात दिसत नाही. पाचसहा सामन्यांनंतर तो ठळक होतो.

सामान्यतः निवडचाचणी एका सकाळी उरकली जाते. ताज्या दमाचे खेळाडू, परस्परांना अपरिचित साथीदार आणि निवड करणाऱ्यांवर छाप पाडण्याची धडपड अशा स्थितीत जबर पकडींना वाव मिळतो व संयमाची परीक्षा होत नाही. चाचणीचे दोन सामने लागोपाठ ठेवून दुसऱ्याच्या उत्तरार्धाकडे विशेष लक्ष दिले, आणि उमेदवाराला हेतुतः पिछाडीवरील संघात घातले, तर खरा स्वभाव लवकर उघड होतो. कोपरारक्षकाला त्याच्या शेजारच्या मध्यरक्षकासह तपासणेही आवश्यक आहे. शेजारी संथ असेल तर चांगला कोपरारक्षकही घाई करू लागतो. तो दोष त्याचा एकट्याचा नसून जोडीचा असतो.

६. स्थानिक परिस्थितीचा विचार

उल्हासनगर ते बदलापूर ह्या पट्ट्यातील खेळाडूंच्या बाबतीत आणखी काही गोष्टी जमेस धरल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट मातीची. येथील पुष्कळ मुले मातीच्या मैदानावर अनवाणी खेळून तयार होतात, आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर बूट घालून खेळल्या जातात. मातीवर पाय किंचित सरकतो व त्या सरकण्याचा हिशेब खेळाडूच्या अंगवळणी पडलेला असतो. मॅटवर बूट धरून ठेवतो. परिणामी मातीवरचा बचावपटू प्रथम मॅटवर आला की त्याच्या पकडी अर्धे पाऊल आधी पडतात आणि बाजूच्या रेषांचा अंदाज चुकतो. ही बेशिस्त नसून अपरिचय आहे, आणि काही आठवड्यांच्या सरावाने तो जातो. ज्या समितीला हा भेद कळत नाही ती गावठाणातील चांगले खेळाडू नाकारते.

दुसरी गोष्ट पाळ्यांची. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या तरुणाची पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी करून आलेला खेळाडू सकाळच्या सरावाला उशिरा पोहोचतो, किंवा मुंबईच्या मैदानावर जाण्यासाठी त्याला गर्दीच्या लोकलमधून दीड-दोन तासांचा प्रवास करावा लागतो. त्याच्या अनुपस्थितीचा आकडा पाळीच्या तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला बेपर्वा ठरविणे अन्यायाचे होय. बदललेल्या पाळीची आगाऊ सूचना तो देतो की नाही, हे मात्र अवश्य पाहावे. अशी सूचना देणारा खेळाडू दहा सराव चुकवूनही शिस्तीचा असू शकतो.

तिसरी गोष्ट गावाच्या अभिमानाची. गावकीच्या स्पर्धांत मैदानाच्या रेषेला लागून प्रेक्षक उभे असतात. त्यांत खेळाडूचे चुलते, मामा व शेजारी असतात. निर्णयावरून वाद झाला की प्रेक्षकच आधी मैदानात उतरतात आणि खेळाडू त्यात ओढला जातो. अशा प्रसंगाची ‘भांडखोर’ एवढीच नोंद पुढे वर्षानुवर्षे त्याच्या नावामागे फिरते. अशा वेळी ऐकीव गोष्टीपेक्षा पंचांचा लेखी अहवाल मागवावा, खेळाडूला स्वतःची बाजू मांडू द्यावी, आणि त्या वेळी त्याचे वय काय होते, वाद कोणी सुरू केला, शिक्षा झाली असल्यास त्याने ती भोगली काय, व त्यानंतर तसा प्रकार पुन्हा घडला काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. सतराव्या वर्षी घडलेली एक घटना आणि तीन हंगामांत तीनदा घडलेली तशीच घटना यांना एकाच मापाने मोजू नये.

हिंसेच्या बाबतीत मात्र सवलतीला मर्यादा असली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याला इजा करण्याच्या हेतूने पकड करणारा खेळाडू, त्याच्या यशस्वी पकडी कितीही असोत, संघाच्या हिशेबात तुटीचाच ठरतो. कारण त्याचे पुढील लाल कार्ड कधी येईल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही त्याच्याभोवती सात जणांचा व्यूह रचता येत नाही. शिवाय नोकरी देऊन घेतलेल्या खेळाडूच्या बाबतीत तोच स्वभाव पुढे कारखान्यातील सहकाऱ्यांच्या वाट्याला येतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवड समित्यांसाठी काही सूत्रे निघतात. शिस्तीला एकच गुणांक न देता उतावीळपणा, सीमांचे अनवधान, हिंसा आणि अवज्ञा ह्या चार वर्गांची स्वतंत्र नोंद ठेवावी. कार्डांची संख्या मोजण्यापेक्षा ती कशाबद्दल व केव्हा मिळाली हे पाहावे. अनावश्यक फसलेल्या पकडींना कार्डांपेक्षा अधिक वजन द्यावे, कारण संघाचे अधिक नुकसान त्यांच्यामुळे होते. उतावीळपणा व अनवधान हे प्रशिक्षणाने कमी होणारे दोष असल्याने तरुण खेळाडूच्या बाबतीत ते नकाराचे कारण मानू नयेत. हेतुपुरस्सर हिंसा मात्र तसे कारण मानावे. स्वतःच्या संघातील चढाईपटूंचे सामर्थ्य जोखून मगच किती साहसी बचावपटू परवडेल हे ठरवावे.

नोकरीतील भरतीसाठी परिविक्षाकाल हे एक साधन आधीच उपलब्ध आहे. तो काळ केवळ कार्यालयीन उपचार न मानता त्या अवधीत वर सांगितलेली पाच रकान्यांची वही ठेवली, आणि दर तीन महिन्यांनी ती खेळाडूला दाखवून त्याच्याशी चर्चा केली, तर निवड चुकण्याचा धोका पुष्कळ कमी होईल. आपल्या कोणत्या कृतीची संघाला किती किंमत पडते हे बचावपटूला आकड्यांत दिसले म्हणजे त्यांपैकी कित्येकजण स्वतःहून सुधारतात. कारण त्यांना आजवर केवळ जबर पकडीबद्दल शाबासकी मिळालेली असते, आणि सोडून दिलेल्या पकडीचेही मोल असते हे कोणी सांगितलेले नसते. अंबरनाथ-बदलापूरच्या गावठाणांतून येणाऱ्या, मागे कोणाची शिफारस नसलेल्या मुलालाही अशा लेखी नोंदीचा आधार मिळेल. त्याच्याविषयी कोण काय बोलतो यापेक्षा मैदानावर त्याने काय केले, हे समितीपुढे राहील.